मदत हवी आहे : एच-४ ईएडी पाच महिन्यांत संपतंय, आधी कोणता अर्ज भरायचा?

गवतीचहा :
अमेरिकेत आहोत. नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), माझा एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा) आणि माझं ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) तिन्ही एकाच तारखेला संपतात, पाच महिने उरलेत. आय-१४० (कंपनीनं भरलेला नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर आहे. कंपनी म्हणते, एच-१बीचं एक्स्टेन्शन शेवटच्या दोन महिन्यांत भरू. नूतनीकरणाचा अर्ज पोचला की जुनं कार्ड ५४० दिवस चालतं, हे अजून खरं आहे का? मधे तीन आठवडे नाशिकला जायचंय. लग्नाचं प्रमाणपत्र मराठीत आहे, चालेल?

कोराकागद :
५४० दिवस विसरा. ३० ऑक्टोबर २०२५पासून पुढे भरलेल्या नूतनीकरणाला आपोआप वाढ मिळत नाही. कार्डावरची तारीख उलटली की नवं कार्ड हातात येईपर्यंत काम बंद. "जरा लॉगिन करून मेल बघते" हेही नको. (जुन्या नियमातही तुम्हाला काही मिळालं नसतं. एच-४ची वाढ आय-९४पाशीच (देशात किती तारखेपर्यंत राहता येतं त्याची नोंद) थांबायची, आणि तुमचं आय-९४ त्याच दिवशी संपतंय.)

कंपनीला दोन महिने उरेपर्यंत थांबू देऊ नका. नवऱ्याचा आय-१२९ (एच-१बी एक्स्टेन्शनचा अर्ज) सहा महिने आधी भरता येतो आणि त्याच पाकिटात तुमचे आय-५३९ (एच-४ वाढवण्याचा) व आय-७६५ (ईएडीचा) जातात. प्रीमियम (जादा पैसे भरून लवकर निकाल) फक्त आय-१२९ला : कामकाजाचे १५ दिवस. तुमच्या दोन्ही अर्जांना प्रीमियम नाही. आधी एका कोर्टातल्या तडजोडीमुळे तिन्हींचा निकाल एकदम लागायचा, ती १८ जानेवारी २०२५ला संपली. म्हणजे नवऱ्याचं पंधरा-वीस दिवसांत होईल आणि तुमचं रांगेत राहील.

नाशिकचं जपून. आय-५३९ प्रलंबित असताना देश सोडला की तो अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं, आणि मग त्याच्यावर टेकलेला आय-७६५ही पडू शकतो. तुमच्या पासपोर्टवरचा एच-४ व्हिसा अजून चालू असेल तर क्रम उलटा करा : प्रीमियमनं नवऱ्याचं मंजूर करून घ्या, मग जा, परतताना त्याचं नवं आय-७९७ (मंजुरीचं पत्र) दाखवा. आय-९४ नव्या तारखेपर्यंत मिळालं की आय-५३९ लागतच नाही, नुसता आय-७६५ भरायचा. पण पासपोर्ट आधी संपत असेल तर अधिकारी आय-९४ तिथेच कापतो आणि कार्डही तेवढंच मिळतं. घरी पोचल्यावर आय-९४ची तारीख त्याच दिवशी साइटवर बघा. स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) लागणार असेल तर तीन आठवड्यांत परत याल यावर पैज लावू नका. १५ डिसेंबर २०२५पासून एच-४वाल्यांचीही समाजमाध्यमं तपासतात.

उंबरठा :
कागदांचं सांगतो. मराठी प्रमाणपत्र चालतं, सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. खाली भाषांतरकारानं लिहून सही करायची : भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात. नोटरी लागत नाही. शिक्क्यातला मजकूरही भाषांतरात घ्या, लोक तो गाळतात. आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा : प्रमाणपत्रावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. अर्जात 'वापरलेली इतर नावं' हा रकाना आहे, तिथे जुनं नाव पूर्ण लिहा.

आय-७६५वर प्रकार (सी)(२६) लिहा, तो एच-४ जोडीदारांचा. कागदी अर्जाला १ एप्रिल २०२४पासून ५२० डॉलर, आय-५३९ला ४७०. भरायच्या दिवशी दर पुन्हा बघा. चेक पाठवू नका, २८ ऑक्टोबर २०२५पासून कागदी चेक घेत नाहीत. बँकेच्या कार्डानं पैसे भरायला जी-१४५० फॉर्म, बँक खात्यातून भरायला जी-१६५०, आणि प्रत्येक अर्जाला वेगळा. सही राहिली तर अख्खं पाकीट परत येतं.

गवतीचहा :
खूप आभार दोघांचे. कंपनी आय-१४०ची प्रत देत नाही, फक्त पावती क्रमांक सांगते. आणि कार्ड संपल्यावर मधल्या काळात पुण्याच्या कंपनीचं काम इथून केलं तर? पगार भारतातल्या खात्यात.

उंबरठा :
प्रत नसेल तर पावती क्रमांक, कंपनीचं आणि नवऱ्याचं नाव, आणि प्रत का मिळत नाही हे नवऱ्याच्या सहीनं लिहून जोडा. अर्जाच्या सूचनांत याला जागा आहे.

कोराकागद :
पुण्याचं काम नको. तुम्ही बसून काम करता अमेरिकेत. पगार कुठल्या खात्यात पडतो यानं वाचाल असं धरू नका, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी विनापरवाना कामाचा प्रश्न येतोच. एल-२ (कंपनीनं बदलीवर अमेरिकेत आणलेल्यांच्या) जोडीदारांचे दाखले वाचून फसू नका. त्यांच्या आय-९४वर 'एल-२एस' असलं की कार्डाशिवाय काम चालतं, एच-४ला ती सोय नाही.

आज कंपनीच्या वकिलाला एकच मेल टाका : आय-१२९ प्रीमियमनं कुठल्या तारखेला भरताय? तिकीट त्यानंतर.