लिव्हरपूलचा सगळ्यात मोठा खेळाडू जेरार्ड? मला नाही पटत

रात्रपाळी:
लिव्हरपूल फुटबॉल क्लब म्हटलं की जेरार्ड जेरार्ड ऐकून कान किटले राव. माणूस भारीच, ७१० मॅच, १८६ गोल, वाद नाही. पण इंग्लंडची लीग एकदाही जिंकली नाही. माझ्यासाठी पहिला डाल्ग्लिश. १९७७ ला सेल्टिक क्लबहून आला, तेव्हा ७ नंबरवाला कीगन हॅम्बुर्गला गेलेला आणि सगळ्यांना टेन्शन की आता ७ नंबर कोण घालणार, तर पहिल्याच सीझनला युरोपियन कपच्या फायनलमध्ये ब्रूजविरुद्ध एकमेव गोल ह्याचाच. पुढे १९८६ ला प्लेअर-मॅनेजर असताना चेल्सीच्या ग्राउंडवर गोल मारून लीग आणली आणि आठवड्याने एफए कपपण. अजून काय पाहिजे?

इस्तंबूल०५:
डाल्ग्लिशच्या आजूबाजूला कोण होते ते बघ की. सूनेस, हॅन्सन, नंतर रश. जेरार्डकडे लेफ्ट बॅकला त्राओरे 😂 २००५ च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलला मिलान हाफटाइमला ३-० पुढे, आमच्या रूम पार्टनरने शिव्या घालून चादर ओढली (अजून तो विषय काढला की चिडतो). मग जेरार्डचा हेडर, स्मिसर, पेनल्टीपण जेरार्डलाच पाडलं म्हणून मिळालेली, ६ मिनिटांत ३-३. आणि शेवटी शेवटी हाच गडी राइट बॅकला (उजवीकडच्या बचावात) जाऊन मिलानच्या सर्जिन्योच्या मागे पळतोय. कुठला स्टार करतो हे?

उजवा विंगर:
त्राओरेला नावं ठेवू नका, त्याच फायनलला मिलानच्या शेवचेंकोचा बॉल गोललाइनवरून त्यानेच काढला होता.

जुनं खोड:
तुम्हा दोघांचा इतिहास रंगीत टीव्हीपासून सुरू होतो वाटतं. बिली लिडेल! ऐन उमेदीची वर्षं युद्धात गेली, पहिली लीग मॅच १९४६ ला, तरी विंगवरून खेळून २२८ गोल. सोबत अकाउंटंटची नोकरी. १९५४ ला क्लब सेकंड डिव्हिजनला गेला तरी हा कुठे गेला नाही, लोक लिडेलपूल म्हणायचे. आणि कॅलाहनच्या ८५७ मॅच, त्याचं तर नावच कोणी घेत नाही.

रात्रपाळी:
काका मान्य, पण लिडेलला लीग एकच, १९४७ ची. आणि डाल्ग्लिशचं मोठेपण नुसतं गोलात नाहीये. १९८९ ला हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, ९७ माणसं गेली, हा घरोघरी भेटायला आणि अंत्यविधींना जात होता, स्वतः पार खचेपर्यंत.

इस्तंबूल०५:
त्याबद्दल हात जोडतो. पण ते मॅनेजर म्हणून, आपण खेळाडूंचं बोलतोय ना. आणि त्याच चेंगराचेंगरीत जेरार्डचा नात्यातला १० वर्षांचा भाऊ गेला, त्या पोराची आठवण घेऊनच तो खेळला. कॅप्टन असाच नाही झाला.

उजवा विंगर:
२०१४ ला चेल्सीसमोर घसरला ते पण बोला की 🙈

इस्तंबूल०५:
घसरला म्हणजे पाय सरकला, डेम्बा बाने गोल केला, माहितीय. पण त्या सीझनला लीगच्या एवढं जवळ आणलं कोणी?

रात्रपाळी:
स्ट्रायकर सुआरेझने 😄 बरं, ते राइट बॅकचं मी विसरलो होतो, अर्धा मार्क वाढवला. तरी पहिला डाल्ग्लिशच. आणि काका, कॅलाहनच्या जुन्या मॅच कुठे सापडल्या तर सांगा, रविवारी बसतो.