पानगळीतलं यॉतेबोरी: तुमचे अनुभव इथे लिहा

गेल्या आठवड्यात पुण्याहून नणंदेचा फोन आला. "ऑक्टोबरात येऊ का गं? की नुसता पाऊस आणि काळोख असतो तेव्हा?" मी "ये" म्हणाले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, का यायचं ते नीट सांगता यायला हवं. स्वीडनमधल्या या शहराला नकाशावर गोथेनबर्ग म्हणतात, इथल्या माणसांच्या तोंडी ते यॉतेबोरी. इथे राहिलेल्या किंवा लेकाकडे-लेकीकडे येऊन गेलेल्या प्रत्येकाकडे जून-जुलैचे फोटो ढिगाने असतात. मला सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचे अनुभव हवे आहेत. कुठे गेलात, काय पाहिलंत, काय फसलं, सगळं लिहा.

सुरुवात मीच करते. इथली बोटॅनिकल गार्डन १९२३ साली उघडली. तिच्यात एक जपानी दरी आहे. मागच्या ऑक्टोबरात बाबांना तिथे घेऊन गेले. मेपल लालभडक झाले होते, ते तर फोटोतही दिसतं. बाबा मात्र एका झाडाखाली थबकले आणि म्हणाले, "इथे गुऱ्हाळ कुठंय?" खरंच गूळ उकळत असल्यासारखा वास येत होता. ते कात्सुराचं झाड. त्याची पिवळी झालेली पानं गळायला लागली की असा वास सुटतो. बाबांनी बदामाच्या आकाराचं एक पान उचलून पाकिटात ठेवलं, ते अजून तिथेच आहे. कोल्हापूरच्या माणसाला स्वीडनमध्ये गुळाचा वास सापडला, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून माझा नियम: उजेड आहे तोवर बाग, नंतर संग्रहालय.

एकटा प्रवासी

मी सप्टेंबरात नोकरीसाठी आलो. ओळखीचं कुणी नव्हतं आणि पहिले दोन महिने जड गेले. एका शनिवारी पाऊस चुकवायला यॉताप्लात्सेन चौकाच्या पायऱ्या चढून कलासंग्रहालयात शिरलो. त्या चौकात कार्ल मिलेसने घडवलेला पोसायडनचा उंच पुतळा आहे, १९३१ सालचा. पाऊस त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता.

आत क्रॉयर या चित्रकाराचं एक मोठं चित्र आहे, १८८८ साली पूर्ण झालेलं. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, तिथे जमलेल्या चित्रकारांची बागेतली मेजवानी. पुरुष उभे राहून पेले उंचावताहेत आणि पांढऱ्या झग्यातली एक लहान मुलगी आईला रेलून बसली आहे. पानांमधून झिरपलेलं ऊन टेबलक्लॉथवर सांडलंय. जवळ जाऊन पाहिलं तर ते ऊन म्हणजे पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे जाड फटकारे. चार पावलं मागे आलो, तर पुन्हा ऊन. मी अर्धा तास मागेपुढे करत होतो. बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला घरी फोन करून रडावंसं वाटलं नाही. त्यानंतर त्या हिवाळ्यात मी अकरा वेळा ते चित्र पाहून आलो.

एक सूचना. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

मालवणी माणूस

आमच्यासारख्यांना पानांचं कौतुक थोडं कमी, माशांचं जास्त! २० सप्टेंबरनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता इथल्या किनाऱ्यावर शेवंडीचा (लॉब्स्टरचा) हंगाम उघडतो. हौशी माणसाला सहाच पिंजरे टाकता येतात. पाठीचं कवच नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर शेवंड परत पाण्यात, पोटाशी अंडी असलेली मादीही परत पाण्यात. इथली शेवंड आपल्यापेक्षा वेगळी, काळपट निळी, दोन दणकट नांग्यांची. एका सहकाऱ्याने मला त्याच्या होडीतून नेलं. पहिला पिंजरा वर आला, त्यात एकच होती. त्याने पितळी माप कवचावर ठेवलं, केसभर कमी भरली. एक शब्द न बोलता त्याने ती हळूच पाण्यात सोडली. आमच्या किनाऱ्यावर अंड्यांसकट विकली जाणारी शेवंड मी लहानपणापासून पाहिली आहे. हा नियम आमच्याकडे असाच पाळला गेला, तर माझ्या गावच्या रापणकरांच्या नातवंडांना शेवंड पाहायला मिळेल.

होडी नसेल तर फेस्केशुर्का गाठा. हा १८७४ सालचा मासळीबाजार लांबून अगदी चर्चसारखा दिसतो, नावाचा अर्थही 'मासळीचं चर्च'. बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता, २०२४ मध्ये पुन्हा उघडला.

दोन मुलांची आई

काकू, मावश्या, आज्ज्या, मुलं बरोबर असतील तर आधी कपडे. आमच्या पहिल्या पानगळीत मी मुलांना साधे बूट घालून स्लॉट्सस्कूगेन या बागेत नेलं. सील पाहून होईपर्यंत मोजे पिळून पाणी काढायची वेळ आली आणि एल्क हे इथलं भलंमोठं हरीण न बघताच परतलो. धाकटा ट्रामभर रडत होता. इथे मुलांना गालोनबिक्सोर घालतात, खांद्यावर पट्टे असलेली रबरी पँट. ती आणि गमबूट असले की मूल डबक्यात बसलं तरी चालतं. त्या बागेत एल्क आणि सील बघायला पैसे पडत नाहीत.

साधारण ऑक्टोबरअखेरीस शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा लीसेबेरी या करमणूक बागेत हॅलोविन असतं, जिकडे तिकडे भोपळे आणि गवताच्या पेंढ्या. भुताटकी अंधार पडल्यावर वाढते, त्यामुळे लहानांना दुपारीच नेऊन आणा. मोठ्यांनी 'बाल्डर' या लाकडी रोलरकोस्टरमध्ये जरूर बसावं. शेजारच्या युनिव्हर्सेअम या विज्ञान केंद्रात काचेखाली वर्षावन उभं केलंय. बाहेर पाच अंश आणि आत शिरलो की चष्म्यावर वाफ! माझी थोरली म्हणाली, "आई, आजोळचा वास येतोय." ओली माती, दमट हवा, कुजलेली पानं. आमचं आजोळ चिपळूणला आहे.

नाशिककर

इतिहासाची आवड असेल तर नगरसंग्रहालय सोडू नका. कालव्याकाठची ही इमारत म्हणजे स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं कार्यालय, गोदाम आणि लिलावघर. कंपनी १७३१ ते १८१३ चालली. मी गेलो तो इंग्रजांच्या कंपनीचं चित्र मनात धरून, पण हिची तऱ्हा निराळी. हिची गलबतं मुख्यतः चीनच्या कँटनला जात आणि चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणत. मात्र १७५० साली निघालेलं 'यॉता लेयॉन' हे गलबत आधी सुरतेला गेलं होतं. शिवरायांच्या स्वाऱ्यांमुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेल्या त्याच बंदरात ही उत्तरेची माणसं उतरली होती, हे कळल्यावर मी तिथल्या बाकावर बसून राहिलो.

१२ सप्टेंबर १७४५ रोजी 'यॉतेबोरी' याच नावाचं गलबत कँटनहून परतताना बंदराच्या तोंडाशी, घर दिसत असताना, खडकावर आदळून बुडालं. अडीच वर्षांचा प्रवास संपत आला होता. तळातून निघालेल्या निळ्या-पांढऱ्या बशीच्या एका तुकड्यावर फुलाच्या तीनच पाकळ्या शिल्लक आहेत. त्या अजून कालच रंगवल्यासारख्या निळ्या आहेत.

विद्यार्थिनी, बेताचं बजेट

माझ्याकडे पैसे कमी, वेळ भरपूर. ११ नंबरची ट्राम धरून सॉल्टहोल्मेनला जा, त्याच तिकिटावर पुढे बेटांची बोट मिळते. ब्रेनो, स्टिर्सो, व्रोंगो, कुठेही उतरा, या बेटांवर खासगी गाड्या नाहीत. ऑक्टोबरात बोटीत आपण आणि किराण्याच्या पिशव्या घेतलेली बेटावरची माणसं, एवढेच. स्टेनपीरेनहून लिंडहोल्मेनला जाणारी फेरी तर फुकट आहे.

हागाच्या जुन्या गल्ल्यांत ताटलीएवढा दालचिनीचा बन मिळतो, दोघींत एक पुरतो. ४ ऑक्टोबर हा तर इथे दालचिनी बनचाच दिवस. सप्टेंबरअखेरीचा पुस्तक मेळा १९८५ पासून भरतो. तिकीट मला महाग पडलं, पण दिवसभर पुरलं.

सातारची आजी

मला टायपिंग जमत नाही, लेक लिहून घेते आहे. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे होते. शनिवारी ती म्हणाली, "आई, आज इथे सगळे आपल्या गेलेल्या माणसांसाठी दिवे लावतात, येतेस?" संध्याकाळी आम्ही ओस्त्रा शिर्कोगोर्डेनला गेलो. मोठं जुनं कब्रस्तान, उंच झाडं, पायाखाली ओली पानं. आणि जिथे नजर जाईल तिथे दिवे. हजारो असतील. गर्दी होती, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. लहान पोरंसुद्धा हळू आवाजात विचारत होती.

तिथे एक जागा आहे, जिथे अस्थी पुरतात आणि नाव लिहीत नाहीत. दिवे ठेवायची जागा तिथे सगळ्यांना एकच. लेक म्हणाली, "इथे बाबांसाठी लाव." ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. मी पिशवीतून मेणबत्ती काढली. काड्या दमट झाल्या होत्या, तीन मोडल्या. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. तिने स्वतःचा दिवा उचलला, वाऱ्याला ओंजळीचा आडोसा केला आणि माझी वात त्यावर धरली. माझी पेटल्यावर तिने तिचा खाली ठेवला, मी माझा त्याच्या शेजारी. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या होतो.

धागाकर्ती

आज्जी, तुमचं वाचून नणंदेला पुन्हा फोन केला. ती २८ ऑक्टोबरला परतणार होती. आता तिकीट पुढे ढकलून त्या शनिवारनंतर निघेल. तिला म्हटलं, काडेपेटी नको, लायटर आण.