अनुभव धागा : बॅग कशी भरता, पैसे कुठे वाचवता?

दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला की आमच्या गल्लीत दोन तट पडतात. एकांची तिकिटं कधीच काढून झालेली असतात. दुसरे "बघू, मिळेल काहीतरी" म्हणतात आणि ऐनवेळी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून खासगी बसच्या शेवटच्या सीटवर आदळत-आपटत जातात. बडोद्याच्या मराठी घरांना प्रवास काही चुकत नाही. कुणाचं माहेर पुण्याला, कुणाचं कुलदैवत कोल्हापुरात, आणि गरुडेश्वर-गिरनारची वारी तर बहुतेकांची ठरलेली. म्हणून हा धागा. सामान कसं भरता, काय हमखास नेता, काय नेत नाही, पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवायला जाऊ नये, ते लिहा, वर नावाऐवजी बडोद्यातला आपला भाग टाका. "लवकर बुकिंग करा" एवढ्यावर सुटका नाही, तेवढं सगळ्यांना कळतं.

सुरुवात मीच करते. इथे पाडव्यापासून लाभपाचमीपर्यंत बाजार बंद. त्यामुळे त्या चार-पाच दिवसांत सगळा गुजरात एकदम घराबाहेर पडतो. अबूला जा, उदयपूरला जा, नाहीतर सापुताऱ्याला, शेजारच्या टेबलावर आपलेच शेजारी गांठियाची पुडी सोडून बसलेले. लाभपाचमीला दुकानं उघडली की ही गर्दी ओसरते आणि हॉटेलवाले ताळ्यावर येतात. शाळांची सुट्टी मात्र तीन आठवड्यांची असते. म्हणून आम्ही दिवाळी घरी करतो आणि लाभपाचमीनंतर निघतो. तीच खोली, तोच समुद्र, भाडं मात्र बरंच उतरलेलं. ज्यांचं दुकान आहे त्यांना हे जमणार नाही, पण नोकरदारांनी त्यांच्यामागे का धावायचं?

प्रतापनगर, निवृत्त रेल्वेवाला

रेल्वेत जन्म गेला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी आरक्षणाचा हिशेब. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट निघायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. तरी अजून लोक मे महिन्यात दिवाळीचं तिकीट विचारायला खिडकीवर येतात.

दुसरं, लांबचं तिकीट तुकड्यातुकड्यांत काढू नका. अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागचा भाव उतरत जातो, त्यामुळे दोन लहान तिकिटांपेक्षा एक लांब तिकीट स्वस्त पडतं. ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर मधे उतरून दोन दिवस राहायची मुभाही आहे, पण पहिले ५०० किलोमीटर झाल्यावरच. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही. हरिद्वारला जाताना मथुरेला उतरायचं असेल तर तिकीट काढतानाच खिडकीवर तसं सांगा आणि उतरल्यावर तिकिटावर नोंद करून घ्या.

तिसरं, ज्याची आता कुणाला आठवणही नाही ते चक्रीय प्रवासाचं तिकीट. निघायचं बडोद्याहून आणि परतायचं बडोद्यालाच, मधे जास्तीत जास्त आठ थांबे. भाडं कसं लावतात ते बघा : सगळं अंतर मोजून त्याचे दोन सारखे भाग करायचे आणि प्रत्येक भागाला एकेरी प्रवासाचं भाडं. दक्षिणेची यात्रा करणाऱ्यांना यात चांगलाच फरक पडतो.

आता सामान. स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो, टू एसीला ५०, सेकंड क्लासला ३५ किलो सामान फुकट नेता येतं. म्हणून ४० किलो न्यायलाच हवं असं नाही! जी बॅग स्वतः उचलून पुलाचे जिने चढता येत नाही, तिच्यापायी आधी हमाल, मग रिक्षा, मग "जवळचंच हॉटेल बघू" असा खर्च वाढत जातो. स्टेशनपासून दहा मिनिटं चालायची तयारी असली तर खोली स्वस्त मिळते, पण दहा मिनिटं चालायला बॅग हलकी लागते.

आणि एक कुलूप ठेवा. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तिकीटही दाखवावं लागतं. सकाळी उतरून रात्रीची गाडी असेल तर दिवसभरासाठी खोली कशाला? सामान क्लोकरूमला, आंघोळ स्टेशनवरच्याच रिटायरिंग रूमच्या डॉर्मिटरीत. ती पीएनआरवर तासांच्या हिशेबाने मिळते.

फतेगंज, हॉस्टेलवाला

काका, चक्रीय तिकिटाचं पहिल्यांदाच ऐकलं. ऑनलाइन मिळतं का?

माझं सामान म्हणजे कॉलेजची सॅक. एक जीन्स अंगावर, एक ट्रॅक पँट, तीन टी-शर्ट. जीन्स कधीच बॅगेत ठेवत नाही : वजन तिचंच आणि वाळतही नाही. टॉवेलऐवजी पंचा. हे आजोबांकडून उचललंय, मित्र हसतात, पण त्यांचे टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवशी ओले, कुबट, आणि माझा पंचा पंख्याखाली अर्ध्या तासात कोरडा. शिवाय उन्हात डोक्याला, गाडीत उशीला, थंडीत कानाला तोच. नायलॉनची दोरी आणि चार सेफ्टी पिना, की खोलीत दोरी बांधून कपडे वाळत.

जेवणाचं म्हणाल तर मोठ्या स्टेशनांवर जनरल डब्यांसमोर २० रुपयांत पुरी-भाजीचं पाकीट मिळतं. सात पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. चव यथातथा, पोट भरतं. भरूच-सुरतपर्यंत जायचं तर मेमू, म्हणजे लोकलसारखी जवळच्या अंतराची गाडी, आरक्षणाच्या भानगडीत पडायचंच नाही. आणि रात्रीची गाडी धरायची म्हणजे एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं.

वाडी

रात्रीच्या गाडीबद्दल : पंचविशीत ठीक आहे. आमच्या वयात रात्रभर जागून सकाळी सहाला उतरलं की तो सगळा दिवस वाया जातो, वर चेक-इन दुपारी बाराला. म्हणजे खोलीचे पैसे वाचले आणि दिवस गेला. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, त्यामुळे पैसे वाचवायचा मोह होतो हे खरं. पण तिकीट काढताना लोअर बर्थच्या कोट्यात नाव घालायला विसरू नका : पुरुष साठीचे, बायका पंचेचाळिशीच्या. त्याला जादा पैसे पडत नाहीत.

दांडिया बाजार, आजी (नात टाइप करते आहे)

तुम्ही सगळे तिकिटाचं बोलताय, पण माझ्या हिशेबाने खरे पैसे जातात खाण्यात. चौघांचं कुटुंब दोन दिवस गाडीत असलं आणि चहा-नाश्ता-जेवण सगळं विकतचं घेतलं, तर तिकिटाइतकेच पैसे पोटात जातात. आणि पोट बिघडलं तर औषधाचे वेगळे.

आमच्याकडे पहिल्या दिवसासाठी दशम्या. कणीक दुधात मळायची, पाण्याचा थेंब नाही, थोडं तूप, चिमूटभर मीठ. लाटून मंद आचेवर तूप सोडून भाजायच्या. मग भाजल्या भाजल्या डब्यात भरायच्या नाहीत! चाळणीवर किंवा परातीत कापडावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या. वाफ कोंडली की डब्याच्या झाकणाला पाणी सुटतं आणि संध्याकाळपर्यंत वास येतो. लोक पिठाला दोष देतात, दोष वाफेचा असतो. गार झाल्या की सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको. बरोबर तिळाची किंवा लसणीची कोरडी चटणी. ओल्या नारळाची नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी मेथीचे थेपले. इतकी वर्षं इथे राहून ते नाही शिकलो तर काय शिकलो? पण रोजच्यासारखे दह्यात भिजवायचे नाहीत, तेलाचं मोहन जास्त घालायचं आणि मेथी चिरून पूर्ण कोरडी करून घ्यायची. त्यानंतर खाकरे. ते कितीही दिवस टिकतात, फक्त चुरा होऊ नये म्हणून चपट्या गोल डब्यात उभे नाही, आडवे ठेवायचे आणि वर घडीचा रुमाल दाबायचा, म्हणजे हलत नाहीत. गूळपोळ्या आठवडाभर जातात. मुरमुऱ्याचा चिवडा जागा खातो, त्यापेक्षा शेव-दाणे बरे.

लीलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर चिवडा, गाववाल्यांना न्यायला छान, पण गाडीत उघडू नका. सगळा डबा मागतो.

धागाकर्ती

आजी, शेवटच्या ओळीला दाद! नातीलाही.

मांजलपूर, दोन मुलांची आई

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलासाठी वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. अर्ध्या भाड्यात ते आपल्याच बर्थवर झोपणार. रात्रीच्या प्रवासात सात वर्षांच्या मुलाबरोबर एका बर्थवर झोपून पाहा आणि मग ठरवा! आम्ही दिवसाच्या गाडीला अर्धं काढतो, रात्रीच्या गाडीला पूर्ण.

सामान भरताना मी माणसाप्रमाणे बॅगा करत नाही, दिवसाप्रमाणे पिशव्या करते. एका कापडी पिशवीत सोमवारचे चौघांचे कपडे, दुसरीत मंगळवारचे. हॉटेलात पोचल्यावर एकच पिशवी बाहेर निघते, सगळी बॅग उपसली जात नाही. मळके कपडे त्याच पिशवीत परत. मुलांच्या तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर पर्समध्ये, कारण रात्री दोन वाजता बर्थखालची बॅग ओढणं शक्य नसतं.

माहेर नाशिकचं, म्हणून एक माहिती. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतरापुरतंच. गुजरात एसटीत बसलात तर ही सवलत नाही.

सयाजीगंज

गुजरातमध्येच फिरायचं असेल तर इथल्या एसटीचा "मन फावे त्यां फरो" पास आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. सोमनाथ, द्वारका, भुज असं सलग करणाऱ्यांनी आधी तिकिटांची बेरीज करा आणि मग पासची चौकशी करा. डेपो स्टेशनला लागूनच आहे.

गोत्री

पावसाळ्यात निघणाऱ्यांसाठी एकच ओळ : अलकापुरीच्या गरनाळ्यात (स्टेशनजवळच्या, रुळांखालून जाणाऱ्या रस्त्यात) पाणी भरलं की गाडी समोर दिसत असून चुकते. पाऊस असेल तर पलीकडच्या बाजूने या आणि अर्धा तास हातात ठेवा.

कारेलीबाग, दत्तभक्त

गिरनारचं लिहितो, कारण तिथे बॅग कशी भरली ते पायऱ्यांवर कळतं.

रोपवे ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे, पण तो डोंगरावरच्या अंबाजीच्या देवळापर्यंतच. दत्तशिखर त्याच्या पुढे, आणि पुढच्या पायऱ्या सगळ्यांनाच चढाव्या लागतात. वारा फार असला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नये. आम्ही अजून रात्रीच चढतो. ऊन नसतं, आणि पुढे किती पायऱ्या उरल्यात ते दिसत नाही हा मोठा फायदा.

मोठं सामान तळेटीला, म्हणजे पायथ्याशी, धर्मशाळेत ठेवायचं. वर न्यायची एक छोटी पाठपिशवी, झोळी नको. झोळी खांद्यावरून घसरते, एक हात तिच्यातच अडकतो, आणि इथे दोन्ही हात मोकळे लागतात : एकात काठी, दुसरा कठड्याला. काठी तळेटीला भाड्याने मिळते, घरून न्यायची गरज नाही. पिशवीत पाण्याची एक बाटली, लिंबू, मीठ-साखरेची पुडी, खडीसाखर, विजेरी, आणि एक कोरडा बनियन. हा बनियन कुणी नेत नाही. चढताना घामाने अंग भिजतं आणि शिखराजवळ पहाटेचा वारा त्या ओल्या कपड्यावर बसला की दात वाजतात. स्वेटर घालून चढणारे पहिल्या हजार पायऱ्यांत तो काढून कमरेला बांधतात, मग त्याचंच ओझं. कोरडा बनियन आणि वर पातळ शाल एवढं पुरतं. नवे बूट अजिबात नकोत. जुने, पायात बसलेले हवेत.

वर खाण्यासाठी डबा नेऊ नका. परतताना कमंडलू कुंडाला उतरा, तिथे प्रसादाचं जेवण मिळतं. उतरताना गुडघे बोलतात, तेव्हा नी-कॅप पिशवीत नाही, आधीच पायात असावी.

सुभानपुरा

विमानाने जाणारेही इथे असतील. बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर हातातलं सामान ७ किलो आणि खाली जाणारं १५ किलो असतं. जादा किलोचा भाव ऐकला की सोनं बरं वाटतं. घरीच आकड्याच्या काट्याला लटकवून वजन करा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, खाली द्यायच्या सामानात नाही. लोणचं नेमकं उलट, ते खाली. आणि सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या लेकीसाठी खोबऱ्याच्या वाट्या नेणाऱ्या कित्येक आया विमानतळावर पिशव्या रिकाम्या करताना पाहिल्या आहेत.

वाडी

राहण्याचं कुणी लिहिलंच नाही. तीर्थाच्या ठिकाणी संस्थानांची भक्तनिवासं आधी बघा. शेगावला स्वच्छता अशी की महागड्या हॉटेलने शिकावी. एक अडचण आहे : बऱ्याच धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत. एकटे जाणाऱ्यांनी आधी फोन करावा. आधार कार्ड मूळ न्या, शिवाय दोन झेरॉक्स. रात्री अकराला झेरॉक्सचं दुकान शोधत हिंडायची हौस असेल तर नका नेऊ.

प्रतापनगर, निवृत्त रेल्वेवाला

हॉस्टेलवाल्या पोरा, चक्रीय तिकीट ऑनलाइन मिळत नाही. कागदावर क्रमाने स्टेशनं लिही, कोणत्या मार्गाने जाणार आणि कुठे उतरणार तेही. तो अर्ज मोठ्या स्टेशनच्या व्यवस्थापकाकडे किंवा मंडळ वाणिज्य कार्यालयात द्यायचा. ते अंतर आणि भाडं काढून देतात, मग खिडकीवर तिकीट. त्यानंतर त्याच तिकिटावर प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. खिडकीवरचा बाबू "असं काही नसतं" म्हणाला तर वाद घालू नको, पर्यवेक्षकाला भेट. आणि त्या दिवशी कॉलेज बुडणार हे धरून चाल.

फतेगंज, हॉस्टेलवाला

कॉलेजचं बघून घेतो. मार्ग काढायला रविवारी तुमच्याकडे आलो तर चालेल का?

प्रतापनगर, निवृत्त रेल्वेवाला

ये. वेळापत्रक आहे माझ्याकडे. येताना तिघा-चौघांची नावं नक्की करून ये, ऐनवेळी गळणारे नकोत.