संपादनाचा ‘हक्क’, ‘अधिकार’ की ‘मुभा’?

रत्नागिरी : आमच्या मुक्त स्रोत प्रकल्पाचा विकी मराठीत आणतोय. जाहिरातबाज खाती फार झाल्यामुळे आता कुणालाही थेट लिहिता येत नाही. स्वयंसेवकाने मागणी केली की प्रचालक, म्हणजे विकीची व्यवस्था पाहणारा, त्याला संपादकांच्या गटात घालतो. याला ‘संपादन हक्क बहाल करणे’ म्हणावं का?

देवगड : ‘हक्क’ नको. आमच्याकडे हक्क म्हटलं की सातबारा, आणि सातबारा म्हटलं की भावकी! हक्क वारशाने येतो नाहीतर कायद्याने. विकीवर दिलेलं काढूनही घेता येतं, दोन्हींची नोंद राहते. तेव्हा ‘अधिकार’. खुर्ची गेली की तो जातो.

चिपळूण : शुद्धलेखन दुरुस्त करायला अधिकार कशाला? पान वगळणं, सुरक्षित करणं, एखाद्या खात्यावर बंदी घालणं, हे अधिकार. नुसतं लिहायला ‘मुभा’ पुरे.

देवगड : मुभा म्हणजे कुणाची तरी मेहेरबानी. १९४९च्या कायद्याने खोती गेली, ती विकीवर परत आणताय?

वेंगुर्ले : ‘वहिवाट’ कुणाला सुचली नाही? इंग्रजी विकिपीडियावर खातं ४ दिवसांचं झालं आणि १० संपादनं झाली की पानाचं नाव बदलण्यासारख्या गोष्टी आपोआप खुल्या होतात. मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही.

चिपळूण : चार दिवसांत वहिवाट? मग पायवाटेसाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडणारे आमचे शेजारी वेडेच म्हणायचे. तुमचा मुद्दा खरा आहे, पण रत्नागिरीकरांच्या विकीवर माणूस माणसाला देतोय, त्याला तो शब्द लागू नाही. ‘बहाल’ मात्र काढाच. त्याची जोडी ‘बडतर्फ’शी, दोन्ही दरबारी. शिवाय जो बहाल करतो तोच बडतर्फ करतो असा समज होतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या बऱ्याच विकींवर तसं नाही : प्रचालकपद स्थानिक माणूस देऊ शकतो, काढायचं काम स्ट्युअर्डांचं, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या स्वयंसेवकांचं.

रत्नागिरी : मग बटणावर ‘संपादनाची परवानगी द्या’ आणि नोंदवहीचं नाव ‘अधिकार-बदल’, कारण तिथे प्रचालकांचेही फेरफार दिसतात.

देवगड : परवानगी चालेल. मुभेपेक्षा बरी, निदान तिला नियम असतात.

वेंगुर्ले : आणि ती मागणाऱ्याला काय म्हणणार? ‘अर्जदार’ लिहिलंत तर लोक आधार कार्डाची झेरॉक्स शोधायला लागतील.