संग्रह लेडी इम्पेचा, मग चित्रं कुणाची?

भारद्वाज_७१: कालची पोस्ट डोक्यातून जात नाही. म्हणे, ‘लेडी इम्पे नसत्या तर ही पक्षीचित्रं झालीच नसती, उपकार माना.’ कुणाचे? गव्हर्नर हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप करणाऱ्या नंदकुमारला फाशी सुनावणाऱ्या इंग्रज न्यायाधीशाच्या बायकोचे? बाईंनी कलकत्त्यात पक्षी पाळले, १७७७ ते १७८२ चित्रं काढून घेतली, हे कबूल. पण कुंचला धरला पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दासनं. झैनुद्दीनचा चंदनाच्या फांदीवरचा चास (नीलपंख पक्षी) बघा, पिसन् पीस सुटं दिसतं. आणि इंग्रज पक्षीतज्ज्ञ लॅथमनं हिमालयातल्या मोनाल पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं ते मात्र इम्पेबाईंवरून!

कागदवाला: झैनुद्दीनचं नाव चित्रावर फारसीत लिहिलेलं आहे, बघायचे कष्ट घ्या. कितीतरी साहेबांच्या चितारींची नावंसुद्धा उरली नाहीत. पक्षी बाईंचे, विलायती व्हॉटमन कागद बाईंचा, पैसेही बाईंचेच.

भारद्वाज_७१: पैसे तर मुघल दरबारातल्या चितारी मन्सूरला जहांगीरही देत होता. तरी सायबेरियन क्रौंच मन्सूरचाच म्हणतो ना आपण?

शनवारी: कलकत्ता-पाटणा पुरे. आपल्या पुण्याच्या गंगाराम तांबटाचं नाव कुणी घेतं का? १७९० मध्ये पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला त्यानं. पेशवे दरबारातला इंग्रज वकील मॅलेट, त्याच्यासाठी वेरूळची लेणीही.

कागदवाला: गेंड्याला पंख कधी फुटले?

शनवारी: विषय चितारींच्या नावाचाच आहे ना? मग पंख कशाला मोजता? त्याच्या नावाची गल्ली तरी आहे का पुण्यात?

मुळशीकर: तांबट आळी आहे की.

शनवारी: ती भांडी घडवणाऱ्यांची!! पुण्याचं नाव निघालं की टवाळी करायची एवढंच येतं तुम्हाला.

मुळशीकर: पुणं काढलं कुणी? इथं पक्ष्यांवर चाललं होतं.

वाकडी_चोच: भांडण झालं असेल तर बोलते. माझे वडील ड्रॉइंग मास्तर. शाळेसाठी पक्ष्यांचे तक्ते रंगवले, बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी काडी-काडी दाखवून. खाली नाव छापलं मुख्याध्यापकांचं. त्यामुळे ‘पैसे कुणाचे’ हा हिशेब मला ऐकवू नका.

कागदवाला: त्या मुख्याध्यापकांपेक्षा इम्पेबाई बऱ्याच म्हणायच्या.

भारद्वाज_७१: बऱ्या? १८१० मध्ये लंडनला या चित्रांचा लिलाव झाला. त्यातला छदाम तरी पाटण्याला पोचला का?

कागदवाला: बरं बाबा, म्युझियमच्या पाटीवर झैनुद्दीन वर, इम्पे खाली. झालं समाधान? पण या चित्रसंग्रहाचं ‘इम्पे अल्बम’ हे नाव मी सोडणार नाही, शोधायला तेच लागतं. आणि गेंडेवाल्यांनी वेगळा धागा काढावा.

शनवारी: काढलाय. या तिकडे.