इको बोर्डपासून डिले पेडल: कधी चालू होतो कधी नाही, वर रिव्हर्बपण पाहिजे

घाटावरचा_गिटारिस्ट
मंडळी नमस्कार. नवा डिले पेडल (गिटारचा आवाज जरा उशिराने परत ऐकवणारा इकोचा डबा) घ्यायला बजेट नाही आणि तसंही स्वतः करून बघायची खाज आहे, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून माइकच्या इकोचा तयार बोर्ड आणला. तोच हो, भजनी मंडळाच्या नाहीतर मांडववाल्याच्या अँप्लिफायरमध्ये घालतात तो, वर पीटी२३९९ चिप आहे आणि डिले, रिपीट असे दोन पॉट (फिरवायचे नॉब). जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून चालवतोय. इको मस्त येतो पण त्रास तीन आहेत.

एक म्हणजे गिटारचा ट्रेबल गायब, इको शून्य केला तरी आवाज मेल्यासारखा. दुसरं, डिलेचा पॉट पूर्ण कमी ठेवून सप्लाय दिला की बरेचदा इको येतच नाही, मग पॉट कितीही फिरवा, सप्लाय काढून पॉट मधे ठेवून परत दिला की सुरू. तिसरं, डिले वाढवत नेला की खरखर वाढत जाते आणि मागे एक बारीक शिट्टी.

आणि रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतला घुमारा. मित्र म्हणतो डिले एकदम कमी कर म्हणजे रिव्हर्बच झाला की. करून बघितलं, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखं येतंय. मला जुन्या अँपमधल्या स्प्रिंगच्या रिव्हर्बसारखं पाहिजे. बोर्ड फेकून देऊ की यातून काही होईल?

सोल्डरचा_धूर
फेकू नका, बोर्ड चांगला आहे. ही चिप तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची, मूळ गिर्‍हाईक कॅरिओकेवाले, पण आज स्वस्तातले बरेच घरगुती डिले पेडल हिच्यावरच चालतात.

आधी चालू न होण्याचं बघू कारण ते सगळ्यात सोपं. चिपची ६ नंबरची पिन आणि ग्राउंड यांच्यात जेवढा रेझिस्टन्स तेवढा डिले. हिशोब साधा आहे, किलोओहमला ११.४६ ने गुणायचं आणि २९.७ मिळवायचे, उत्तर मिलिसेकंदात. म्हणजे १० के ला १४५ च्या आसपास आणि ५० के चा पॉट पूर्ण फिरवला की ६०० पार. पण सप्लाय येतो त्या क्षणी ही पिन जवळपास ग्राउंडला टेकलेली असेल तर चिप अडकते, लॅच-अप म्हणतात त्याला, आणि सप्लाय काढेपर्यंत सुटत नाही. तुमचा पॉट शून्यावर असतो तेव्हा नेमकं हेच होतंय. पॉटच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टर टाका. बरेच जण १ के टाकतात, मी २.७ के सांगेन. त्याने कमीत कमी डिले ६० मिलिसेकंदावर येतो, स्लॅपबॅकला (एकच झटपट इको) तेवढा बास होतो.

आता ट्रेबल. तो बोर्ड माइक किंवा प्रीअँपच्या आउटपुटसाठी बनवलाय, इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला समोर दिसणारा रेझिस्टन्स) जेमतेम दहा-वीस किलोओहमचा, आणि गिटारच्या पिकअपला समोर १ मेगच्या घरात काहीतरी लागतं, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच बसतात. पुढे टीएल०७२ (दोन ऑप-अँपची चिप) चा बफर लावा, म्हणजे पिकअपवर भार येत नाही. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला १ मेग, तो जाणार ४.५ व्होल्टच्या बायसवर, म्हणजे सप्लायच्या निम्म्यावर (९ व्होल्टवर दोन १० के आणि ४७ मायक्रोफॅरड, झाला बायस). मुख्य गोष्ट, बफरनंतर सिग्नलच्या दोन वाटा करा: सरळ गिटार चिपच्या आसपाससुद्धा जाऊ द्यायची नाही, फक्त इको चिपमधून येणार, आणि टीएल०७२ च्या उरलेल्या अर्ध्या भागात दोन्ही मिक्स. इको बोर्डात बरेचदा सगळंच चिपच्या आतल्या ऑप-अँपमधून फिरवलेलं असतं, ते गाण्याला चालून जातं, गिटारला नाही.

कॅपॅसिटर_कोल्हापूर
वरच्या प्रतिसादाला +१. खरखरीचं मी सांगतो. चिपच्या पोटात मेमरी फक्त ४४ किलोबिट. डिले वाढवायचा म्हणजे क्लॉक हळू करायचा, ३० मिलिसेकंदाला तो २२ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, ३४० ला २ वर येतो. तेवढीच मेमरी जास्त वेळ ताणली की आवाज फाटणारच, त्याला इलाज नाही. म्हणून इकोच्या वाटेवर लो-पास फिल्टर खाली आणा, तीन-साडेतीन किलोहर्ट्झला कापा बिनधास्त. कानाला उलट बरं वाटतं, प्रत्येक रिपीट आधीच्यापेक्षा काळा होत मागे जातो आणि सरळ गिटार समोर राहते. ४०० च्या पुढे मात्र जास्त आशा ठेवू नका. १२० च्या टेम्पोला डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) म्हणजे ३७५ मिलिसेकंद, तिथपर्यंत झकास.

शिट्टीचा संशय मला त्या अडॅप्टरवर आहे, त्यानंतर ग्राउंडवर. ३ नंबर अ‍ॅनालॉग ग्राउंड आणि ४ नंबर डिजिटल, दोन्ही वेगळ्या वायरने रेग्युलेटरच्या (चिपला ५ व्होल्ट देतो तो) ग्राउंडपाशी आणून तिथेच जोडा, वाटेत कुठे भेटवू नका. तयार बोर्डावर ट्रेस एकत्र असेल तर कटरने कापावा लागेल. १ नंबर पिनपाशी, अगदी चिकटून, १०० नॅनो आणि ४७ मायक्रो.

आणि रेग्युलेटर बदलणार असाल तर हे बघा, कारण यात पोरं चिप जाळतात: मोठ्या ७८०५ चा छापील भाग आपल्याकडे केला की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. छोट्या ७८एल०५ चा सपाट भाग आपल्याकडे केला की बरोब्बर उलटं.

खर्जातला
कशाला या कॅरिओके चिपच्या नादी लागताय. खरा डिले म्हणजे बकेट ब्रिगेड, सिग्नल कप्प्याकप्प्यातून पुढे ढकलणारी अॅनालॉग चिप. एमएन३००५ शोधा आणि एकदाच काय ते बनवा, आयुष्यभर पुरेल.

सोल्डरचा_धूर
@खर्जातला आवाजाबद्दल वाद नाही. पण पहिलाच पेडल आहे हो त्यांचा. एमएन३००५ म्हणजे ४०९६ स्टेज, १० किलोहर्ट्झच्या क्लॉकवर २०५ मिलिसेकंद मिळणार, त्यासाठी वेगळा क्लॉक, कंपँडर (खरखर दाबणारं सर्किट), बायसचं ट्रिमिंग, आणि ऑसिलोस्कोप नसेल तर अंदाजपंचे. जुनी चिप म्हणून जे विकतात त्यात नकली माल किती हे तुम्हालाही माहितीये. दुसरा पेडल करतील तेव्हा बघू की.

खर्जातला
बरं बाबा. दुसरा.

रीळवाला_काका
रिव्हर्बवर कोणी बोलेना म्हणून लिहितो. मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. एकच छोटा डिले फिरवत राहिलात तर ठरावीक अंतराने तेच तेच येतं आणि एक सूर चिकटतो, तोच तुमचा डबा. खोलीत प्रत्येक भिंतीवरून आवाज वेगळ्या वेळाने परततो, त्यामुळे पाहिजेत अनेक डिले, एकमेकांच्या पटीत न बसणारे, आणि एकमेकांत गुंतवलेले. तीन पीटी२३९९ घेऊन हे करता येतं, पण तीन क्लॉक शेजारी आले की त्यांच्यातल्या फरकाची शिट्टी ऐकू येते आणि ती घालवता घालवता माणूस म्हातारा होतो.

म्हणून बेल्टनची वीट घ्या, म्हणजे रिव्हर्बचा तयार ठोकळा, बीटीडीआर-२. ब्रायन न्यूनाबर यांचं डिझाइन, आत तीन पीटी२३९९ च आहेत पण जुळवून दिलेल्या. ५ व्होल्ट, ग्राउंड, इन, आउट, संपलं. शॉर्ट, मीडियम, लाँग अशी मिळते, स्प्रिंगच्या जवळ जायचं तर मीडियम बघा. खाते मात्र ६० ते १०० मिलिअँपिअर, तेव्हा ७८एल०५ वर चालवू नका, मोठा ७८०५ लावा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचा विचार सोडा.

त्यापुढची पायरी एफव्ही-१. कीथ बार यांची चिप, एमएक्सआर आणि अ‍ॅलेसिस या कंपन्या ज्यांनी काढल्या ते. ३.३ व्होल्टवर चालते, घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, आठ प्रोग्राम आतच आहेत, बाहेर ईईप्रॉम (मेमरी चिप) लावली की स्वतःचे आठ. २८ पायांची एसएमडी आहे पण पाय फार बारीक नाहीत, फ्लक्स भरपूर लावून साध्या सोल्डरिंग आयर्नने होते. रिव्हर्ब यातलाच सगळ्यात गोड, माझ्या मते.

घाटावरचा_गिटारिस्ट
काका, दादा, सगळ्यांचे आभार. २.७ के टाकला, आता पॉट कुठेही असो, दर वेळी सुरू होतंय. बॅटरीवर लावून बघितलं तर शिट्टी गायब, म्हणजे अडॅप्टरच. बफर या रविवारी. ९ व्होल्टचा पेडलवाला अडॅप्टर घेतो. फूटस्विच थ्रीपीडीटीच (एकदम तीन वाटा बदलणारा) लागेल का, जरा महाग आहे.

कॅपॅसिटर_कोल्हापूर
अडॅप्टर घेताना बघा, पेडलला आतली पिन मायनस आणि बाहेरचं कडं प्लस लागतं, तुमच्या राउटरचा बहुतेक उलटा असेल. डीसी जॅक प्लास्टिकच्या बॉडीचा घ्या, कारण बाहेरचं कडं प्लस आणि मेटलचा डबा ग्राउंड, धातूचा जॅक लावलात तर नट आवळताक्षणी शॉर्ट. सप्लायला १एन५८१७ डायोड सिरीजमध्ये, उलटा अडॅप्टर लागला तरी पेडल वाचेल.

थ्रीपीडीटी नको. बफर आहेच तर साध्या स्विचने फक्त चिपकडे जाणारी वाट तोडा. पेडल बंद केला तरी आधीचे रिपीट आपापले विरत जातात, आणि स्विच निम्म्याहून कमी पैशात येतो.