टीव्ही घरातल्या बाईचा, माइक मात्र पुरुषाचा?

गच्चीवरची: दुपारची जेवणं उरकून ओटा आवरला की टीव्ही बाईचा, हे मुंबईतल्या घरोघरचं गणित. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर तेव्हा 'दामिनी' मालिका लागायची, नायिका पत्रकार. त्याच वाहिनीवर 'सखी सह्याद्री' आलं: समोर डॉक्टर नाहीतर वकील, आणि प्रेक्षक फोन करून शंका विचारणार. मग घरसंसार खाजगी वाहिन्यांनी हाती घेतला. २००४ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर घरोघरी जाऊन बायकांशी गप्पा मारणारा, खेळात जिंकणारीला पैठणी देणारा 'होम मिनिस्टर', पुढे झी मराठीवर पाककृतींचा 'आम्ही सारे खवय्ये'. सूत्रसंचालक एकीकडे आदेश बांदेकर, दुसरीकडे प्रशांत दामले. दोघंही लाघवी, प्रश्नच नाही. पण स्वयंपाकघर तिचं, घाम तिचा, आणि 'अरे वा' म्हणायला पुरुष! दूरदर्शनवर बाईला प्रश्न विचारता यायचा, खाजगी वाहिनीवर तिचं नुसतं कौतुक झालं. मला हा तोट्याचा सौदा वाटतो.

खाऊगल्ली: कौतुकाला नाकं मुरडणं सोपं आहे. आमच्या लालबागच्या चाळीत 'होम मिनिस्टर'चं शूटिंग आलं तेव्हा गॅलरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. खालच्या काकूंनी उखाणा घेतला, खरंय. पण लग्नाआधी कबड्डी खेळायचे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला पत्ता नव्हता. 'सखी'त तज्ज्ञ बोलायच्या. आमच्या काकूंना त्या स्टुडिओत कुणी बोलावलं असतं का?

स्लोलोकल: दुपारच्या धाग्यात 'होम मिनिस्टर' कुठून आलं? ते दिवेलागणीला लागायचं. हा फरक बारीक नाही. दुपारी बाई एकटी बघते, संध्याकाळी अख्खं घर बघतं. सगळ्यांसमोर चालेल असंच मग दाखवावं लागतं.

पापलेट: सूत्रसंचालक पुरुष आहे म्हणूनच ते जमलं, असं माझं मत. बांदेकरांसाठी 'भावोजी' हे नातं फार हुशारीने निवडलंय. भावोजींशी थट्टा चालते, आणि पाहुण्या पुरुषासमोर सासूही सुनेचं चांगलं बोलते. बाई आली असती तर तिला आधी विचारलं असतं, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?

गच्चीवरची: @पापलेट, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की! घरातल्या बाईचं ऐकायला आधी बाहेरचा पुरुष यावा लागतो.

पापलेट: यावा लागत होता. ती वाहिनीची चूक नव्हे, आपल्या घरांची.

नऊवार: पैठणीला कुणी नावं ठेवायची नाहीत, आधीच सांगते. जिंकलेली पैठणी नेसून हळदीकुंकवाला मिरवण्यात सुख असतं. पण 'होम मिनिस्टर'च्याच २०२२ च्या 'महामिनिस्टर' पर्वात ११ लाखांची पैठणी ठेवली तिथे माझं मन उडालं. ती नेसून लोकलने जाणार कोण? ती लॉकरमध्येच राहणार.

खाऊगल्ली: @गच्चीवरची, 'सखी'ला फोन लावून असं कोण काय विचारायचं? केस गळतात, काय करू?

गच्चीवरची: केसांचंही विचारायच्या, त्यात काय वाईट? पण फोनवर तोंड दिसत नाही, हे विसरताय. नवरा हात उगारतो, कायदा काय म्हणतो, हे कॅमेऱ्यासमोर, शेजारी सासरे सोफ्यावर बसलेले असताना कुठली बाई सांगेल?

नऊवार: सासरे सोफ्यावर असताना फोन तरी कुठे करता यायचा? आमच्याकडे तो सोफ्याशेजारीच होता.